चार सेकंद, चाळीस सेल: रंगकामाच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार, निशी-कासाई, तोक्यो

काम ठरलं. एकच शॉट, चार सेकंदांचा. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत टाकलेली गादी एक मुलगी दोन्ही हातांनी आत ओढून घेते. पेन्सिलची चित्रं माझ्या ॲनिमेटर मैत्रिणीनं काढून दिली आहेत. माझं काम त्यापुढचं: ती चित्रं पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तावावर, शाईनं उतरवायची, सेल उलटा करून मागून रंग भरायचा आणि एकेकाचा फोटो काढायचा. १९६० च्या दशकात तोक्योत जसं होत असे तसंच, होता होईल तेवढं.

या टप्प्याला जपानीत ‘शिआगे’ म्हणतात. शेवटचा हात फिरवणं. सुताराचं पॉलिश आणि शिंप्याचं काज-बटण हेही शिआगेच.

हिशेब असा. सेकंदाला २४ फ्रेम. टीव्हीसाठी एक चित्र तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. १ जानेवारी १९६३ ला तेझुका ओसामु यांच्या मुशी प्रॉडक्शननं ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) ही टीव्ही मालिका सुरू केली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, तर चित्रं कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हापासून ही काटकसर अंगवळणी पडली. माझ्या चार सेकंदांना ३२ चित्रं लागतात. मुलीचं अंग आणि केस खालच्या सेलवर (‘ए’, फक्त ८ चित्रं, तीच फिरून येतात), हात आणि गादी वरच्या सेलवर (‘बी’, ३२ चित्रं). एकूण ४० सेल.

हे करायचं कारणही नोंदवून ठेवते. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगलीची मालिका लागायची. ती निप्पॉन ॲनिमेशननं १९८९-९० मध्ये केली होती, ५२ भाग. नागपुरात आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मी अख्खी मालिका राखाडी रंगात पाहिली. इथे आल्यावर तिचे काही भाग पहिल्यांदा रंगीत पाहिले आणि मोगलीच्या अंगावरची सावली, बघीराचा निळसर काळा, हे सगळं कुणीतरी हातानं भरलंय हे लक्षात आलं. माझ्यापर्यंत ते रंग भरणाऱ्या बायकांचं सगळं काम पोचलं होतं, फक्त त्यांचं मुख्य काम पोचलं नव्हतं. ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

२६ जानेवारी, रविवार

पुण्याहून भावाचा फोन. परवा पुन्हा थिएटरात लागलेला रामायणाचा तो भारत-जपान चित्रपट लेकीला दाखवून आणला. साको युगो आणि आपल्या मुंबईचे राम मोहन यांनी केलेला, १९९३ मध्ये पहिल्यांदा दाखवलेला. “दादा, रंग कसे वाटले?” विचारलं. म्हणाला, “रंग? रंग चांगले होते की. गोष्ट बघत होतो.” ते सगळे सेल हातानं रंगवलेले आहेत असं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, पुढच्या रविवारी पुन्हा जातो.

१ फेब्रुवारी, शनिवार

नाकानो ब्रॉडवेला गेले. तिथे जुने सेल विकणारं दुकान आहे, खण काढून एकेक प्लास्टिकच्या पाकिटातला सेल बघता येतो. एक साधा सेल घेतला: कुठल्याशा मालिकेतल्या दुय्यम पात्राचा खांद्यापर्यंतचा भाग, तोंड अर्धं उघडं. मला तो समोरून नको होता, मागून हवा होता.

घरी आणून दिव्याखाली उलटा धरला. समोरून गुळगुळीत दिसणारा गाल मागून जाडसर थर आहे, कडेला किंचित उंच, मध्ये किंचित खोल. केसांच्या तपकिरी रंगावर कानाचा रंग दीड-दोन मिलिमीटर चढलाय, कारण पुढून ती सांध्याची जागा रेघेखाली लपते. कुंचल्याचा एकही ओघळ नाही. सेलवर नाव नाही, सही नाही. कोपऱ्यात क्रमांक, तेवढाच.

पाकीट उघडताच व्हिनेगरचा वास आला. सेल्युलोज ॲसिटेट जुनं होत गेलं की ॲसेटिक ॲसिड सोडतं, त्याचा हा वास. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, आणि शेजारच्या सेललाही लागण होते. त्याआधीचे सेल नायट्रेटचे होते, ते तर पेट घ्यायचे. या सेलवर भुवईची रेघ जवळजवळ उडून गेली आहे. रंग जागच्या जागी, रेघ पुसट. का, ते सेन्सेईंना, म्हणजे मला हे काम शिकवणार असलेल्या गुरूंना, विचारायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

सेन्सेईंची पहिली भेट. त्या हा शब्द लावू देत नाहीत, “मी कसली सेन्सेई, मी नुरीची बाई” म्हणतात. नुरी म्हणजे रंग भरणं. मी तरी दुसरं काय म्हणणार? वय ७६. १९६७ मध्ये शाळा संपवून एका लहान स्टुडिओत लागल्या, आधी ट्रेसिंग, मग रंग. पुढे मुलं झाल्यावर घरी काम आणून केलं.

मैत्रिणीची चित्रं त्यांनी एकेक करून उलटली. सातव्या चित्रावर थांबल्या.

“या गादीला पट्टे कुणी काढायला सांगितले?”

कुणीच नाही, मैत्रिणीला छान वाटले म्हणून तिनं काढले. पांढऱ्या गादीवर एक निळा आणि एक हळदी पट्टा, पुन्हा निळा, पुन्हा हळदी. सेन्सेई म्हणाल्या, पट्टे, चौकडी आणि ठिपके काढणारा एकदा काढतो, रंगवणारी प्रत्येक पानावर रंगवते. हलणारं कापड असेल तर पट्टा घडीत जातो, बाहेर येतो, आणि कुठला पट्टा कुठे गेला हे प्रत्येक पानावर नव्यानं ओळखावं लागतं. “तरी असू दे,” म्हणाल्या. “पट्टे केलेस तर तुला काम कळेल.”

रेघ पुसट होण्याचं कारण विचारलं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक रेघ पेननं हातानं काढायची पद्धत होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी ट्रेसिंगचं यंत्र आलं. पेन्सिलचं चित्र, त्याखाली कार्बनचा कागद, त्याखाली सेल असा थर यंत्रातून काढायचा. पेन्सिलची काळी रेघ उष्णता धरते, तेवढ्याच जागी कार्बन वितळून सेलवर उतरतो. म्हणून माझ्या सेलवरची भुवई उडाली, तो कार्बन आहे, शाई नाही. १९६९ च्या ‘टायगर मास्क’ मालिकेत पेन्सिलची खरबरीत, तुटक रेघ पडद्यावर दिसली ती या यंत्रामुळे. हाताच्या ट्रेसिंगमध्ये ती रेघ धुऊन निघाली असती.

“वाईट वाटलं का, यंत्र आलं तेव्हा?”

“आमच्यातल्या रेघेत हात बसलेल्या बायकांना वाटलं. त्यांना कळेना की आता आपण काय करायचं. त्यांनाही रंगाच्या टेबलावर बसवलं.”

माझ्याकडे यंत्र नाही, म्हणून मी सगळं हातानं करणार. सेन्सेईंनी होकार दिला आणि एक पेन-होल्डर दिला, लाकडी, बोटाच्या जागी झिजलेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ट्रेसिंगचा पहिला दिवस. आठ तासांत तीन सेल, त्यातला एक फेकला.

सेल आणि कागद एकावर एक तंतोतंत बसवायला ‘टॅप’ वापरतात: पट्टीवर तीन खुंट्या, मधली गोल, बाजूच्या दोन चपट्या. कागदाला आणि सेलला तशीच भोकं. हातात पांढरे सुती मोजे, उजव्या मोज्याचा अंगठा आणि दोन बोटं कापलेली. बोटाचा ठसा उमटला तर शाई त्यावरून घसरते.

हिवाळ्याची हवा इतकी कोरडी आहे की सेल पाकिटातून काढताना चर्रर्र आवाज होतो आणि खोलीतली सगळी धूळ त्याच्याकडे धाव घेते. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून ठेवला, त्यानं फरक पडला.

रेघ ओढताना श्वास सोडत जायचं, असं सेन्सेईंनी सांगितलं होतं. लहानपणी आजी रांगोळीची लांब रेघ ओढताना बोलायची नाही, ते आठवलं. चिमटीतून रांगोळी सारखी सुटायला हवी आणि निबमधून शाई. मनगट टेकलं की रेघ वळणावर जाड होते. कोपरापासून हात हलवायचा.

१६ फेब्रुवारी

चार सेल. एकही फेकला नाही.

२ मार्च, रविवार

काळ्या रेघा ४० सेलवर पूर्ण. मग ‘इरो-तोरे’, म्हणजे रंगीत ट्रेस.

चित्रात सावलीची हद्द रंगीत पेन्सिलनं दाखवलेली असते. ती हद्द पडद्यावर रेघ म्हणून दिसता कामा नये, म्हणून ती सावलीच्याच रंगानं ओढतात. मग मागून रंग भरला की रेघ रंगात विरघळते. यंत्र आल्यावरही हे काम हातानंच होत राहिलं, कारण रंगीत पेन्सिल यंत्राला पकडता येत नव्हती. माझ्या शॉटमध्ये पट्ट्यांच्या कडाही इरो-तोरेच आहेत. चार पट्टे, प्रत्येकाला दोन कडा, त्यावर सावली. सेन्सेई पट्ट्यांवर का थांबल्या ते आज मनगटाला समजलं.

रेघेचा रंग ही किरकोळ बाब नाही याचं मोठं उदाहरण १९८८ च्या ‘होतारु नो हाका’चं आहे, ताकाहाता इसाओ यांच्या चित्रपटाचं. नेहमीच्या काळ्याऐवजी तिथे तपकिरी कार्बन वापरला. काळी रेघ माणसाला पार्श्वभूमीपासून कापून वेगळं काढते, तपकिरी रेघ त्याला तिथेच राहू देते. चित्रपटातली भावंडं त्या गवतात, त्या उजेडात बसलेली वाटतात. मी आधी दोनदा पाहिला तेव्हा रेघेकडे लक्ष गेलं नव्हतं. आता तो पाहताना डोळे तिथेच जातात.

८ मार्च, शनिवार

रंग कालवले. सेलसाठी बनवलेले जुने रंग मिळाले पण बाटलीतच दगड झाले होते, म्हणून ॲक्रिलिक गॉश. त्वचा, केस, शर्ट, गादीचा पांढरा, निळा पट्टा, हळदी पट्टा, प्रत्येकाचा उजेडातला आणि सावलीतला असे १२. डोळ्याचा पांढरा, बुबुळ, तोंडाच्या आतला, १५ झाले.

संध्याकाळी एक हात आणि एक चेहरा रंगवून ‘ए’वर ‘बी’ ठेवला, तर हात एका मुलीचा आणि चेहरा दुसरीचा. एकाच बाटलीतला रंग. सेल पूर्ण पारदर्शक नसतो, त्याला पिवळट राखाडी झाक असते. खालच्या थरातला रंग एका जादा सेलमधून दिसतो, म्हणून मळकट होतो. सेन्सेईंना फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, मला वाटलंच आज फोन येणार. उपाय एकच: खालच्या थरासाठी त्वचा थोडी उजळ कालवायची. शर्टाच्या बाह्या ‘बी’वर आणि धड ‘ए’वर, म्हणून शर्टाच्याही दोन वेगळ्या बाटल्या. १५ च्या १९ झाल्या.

हा विचार स्टुडिओत ‘इरो-शितेई’ करणारी व्यक्ती करते. कुठल्या पात्राचा कुठला भाग कुठल्या क्रमांकाच्या रंगानं, दिवसा कोणता, रात्री कोणता, दिव्याच्या उजेडात कोणता, हे ती ठरवते आणि रंगवणाऱ्यांना अक्षर-आकड्यांच्या खुणा देते. १९८८ च्या ‘आकिरा’ चित्रपटात ३२७ रंग होते, बहुतेक कथा रात्री घडते म्हणून निळ्या-हिरव्यांच्याच कितीतरी छटा. माझ्या १९ बाटल्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या आणि दोन वेळा गोंधळले. ३२७ बाटल्यांच्या फडताळापुढे उभं राहून कुठली उचलायची हे न बघता ठाऊक असणं म्हणजे काय, याचा थोडा अंदाज आला.

२२ मार्च, शनिवार

रंगकाम सुरू. सेन्सेई घरी आल्या, हे दोन तास सगळ्यात मोलाचे.

पहिली सुधारणा क्रमाची. मी सेल क्रमांक १ पूर्ण रंगवायला घेतला होता. त्यांनी ब्रश खाली ठेवायला लावला. एक सेल पूर्ण करायचा नसतो, एक रंग पूर्ण करायचा असतो. सावलीतला निळा घेतला की तो सगळ्या ३२ पानांवर जिथे जिथे आहे तिथे भरायचा, मग दुसरी बाटली. याचा फायदा वेळेचा आहेच, पण मोठा फायदा हा की रंग त्याच दाटपणाचा राहतो आणि हात त्याच आकाराची सवय धरतो. मी डोक्यात मुलगी रंगवत होते. त्या म्हणाल्या, मुलीला विसर, आज फक्त निळा बघ.

दुसरी सुधारणा ब्रशची. कागदावर आपण ब्रश फिरवतो. इथे फिरवला की पट्टे उठतात आणि उजेडात धरल्यावर भोकं दिसतात. रंग घावनाच्या पिठाइतका पातळ करायचा. भरपूर घेऊन भागाच्या मध्ये थेंब सोडायचा आणि ब्रशच्या टोकानं त्या थेंबाची कड रेघेपर्यंत ढकलत न्यायची. ब्रश सेलला टेकतच नाही म्हटलं तरी चालेल, रंगावर तरंगतो. रंग स्वतःच सपाट होतो. रेघेच्या मध्यावर थांबायचं. अलीकडे थांबलं तर फट, पलीकडे गेलं तर समोरून बाहेर आलेलं दिसतं.

त्यांनी एक बाही भरून दाखवली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण माझं पाणी पिऊन होईपर्यंत बाही भरून झाली होती. मग सेल दिव्यासमोर धरला, एक टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला, त्यावर एक थेंब ठेवला आणि सेल रॅकवर सरकवला. हे सगळं बोलता बोलता. माझी तीच बाही, त्याच रंगानं, मागून ढगाळ आभाळासारखी.

विचारलं, किती वर्षांनी हात बसला? म्हणाल्या, “हात सहा महिन्यांत बसला. सगळ्यांच्या हातासारखा हात व्हायला तीन वर्षं लागली.” एका शॉटची पानं पाच-सहा जणींत वाटली जायची. पडद्यावर ती एकापाठोपाठ एक येणार. एकीचा थर जाड, दुसरीचा पातळ असला तर पात्र लुकलुकतं. म्हणून शेजारणीचा हात बघून आपला हात तसा करायचा.

२३ मार्च

सावलीतला निळा संपला. ३२ पानं. उजवा डोळा फडफडतोय.

५ एप्रिल, शनिवार

कामाला सुट्टी. ओइझुमीला गेले. सेइबु इकेबुकुरो मार्गावरचं ओइझुमी-गाकुएन स्टेशन. बाहेरच्या पुलावर आतोमु, लाम, मेतेरु या ॲनिमेशनमधल्या पात्रांचे पुतळे उभे आहेत. पुढे चालत तोएईचा स्टुडिओ, त्याच्या आवारात २०१८ पासून संग्रहालय. चेरीची फुलं अजून होती.

इथेच कारखान्याच्या पद्धतीनं जपानी ॲनिमेशन सुरू झालं. १९५६ मध्ये तोएई कंपनीनं एक छोटा स्टुडिओ विकत घेऊन तोएई दोगा काढली, पुढच्या वर्षी इथली इमारत उभी राहिली आणि २२ ऑक्टोबर १९५८ ला ‘हाकुजादेन’ प्रदर्शित झाला, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट. रंग आले तसे रंगवणारे हात हवे झाले, आणि ट्रेसिंग आणि रंगकामाच्या टेबलांवर बहुतांशी तरुण मुली बसल्या. चित्रं काढणाऱ्यांमध्ये पुरुषच जास्त. ओकुयामा रेइको यांच्यासारख्या काही जणींनी चित्रांच्या बाजूला जागा मिळवली आणि मूल झाल्यावरही सोडली नाही, त्यासाठी त्या भांडल्या. एनएचके या जपानी वाहिनीच्या २०१९ च्या सकाळच्या मालिकेतली नायिका त्यांच्यावरून बेतलेली होती. ती नायिकाही आधी शिआगेच्या टेबलावरच बसते. ते दृश्य बघून मला इथल्या एका शेजारणीनं, या कामाशी काही संबंध नसताना, विचारलं होतं: तू म्हणतेस ते काम हेच का?

१९५८ मध्येच यासुदा मिचियो इथे ट्रेसिंगला लागल्या. जन्म १९३९ चा, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी. युनियनच्या कामात पुढे दिग्दर्शक झालेल्या ताकाहाता आणि मियाझाकी यांच्याशी ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. पुढे गिबली स्टुडिओच्या चित्रपटांचे रंग त्यांनी ठरवले, २०१३ च्या ‘काझे ताचिनु’पर्यंत. काम थांबवून विश्रांती घेतली होती, त्यासाठी परत आल्या. ५ ऑक्टोबर २०१६ ला गेल्या. टेबलावर ट्रेसिंग करणारी मुलगी ते चित्रपटाच्या रंगांचा शेवटचा शब्द असणारी बाई, हा रस्ता त्यांनी काढला. १९९७ च्या ‘मोनोनोके-हिमे’त काही मिनिटं संगणकावर रंगवली गेली आणि १९९९ च्या यामादा कुटुंबाच्या चित्रपटात सेल वापरलेच नाहीत. ज्या हातानं निब धरली त्याच बाईनं हेही निभावून नेलं. माझ्या मते ही गोष्ट त्यांच्या रंगांइतकीच मोठी आहे, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते.

१९ एप्रिल, शनिवार

त्वचा संपली, शर्ट संपला. आज सेन्सेईंकडे गेले, काम कमी आणि बोलणं जास्त.

त्यांना मुलं झाल्यावर स्टुडिओनं पुन्हा टेबल दिलं नाही. घरी काम दिलं, ‘नाइशोकु’. पानामागे पैसे. आपल्याकडे बायका घरी विड्या वळतात, पापड लाटतात, तसंच. भावही तसाच, मोजून, आणि चुकलेलं पान मोजण्यातून बाद.

रात्री दहा-साडेदहाला गाडी यायची. त्यात ‘शिन्को’, म्हणजे कामाची ने-आण करणारा पोऱ्या. तो पिशवीतून सेल आणि रंगाच्या खुणांचे कागद द्यायचा आणि सांगायचा, सकाळी सहाला येतो. मुलं निजलेली. सहा ताटामीच्या, म्हणजे सहा चटया मावतील एवढ्या, खोलीत एका बाजूला मुलांची अंथरुणं, दुसऱ्या बाजूला जमिनीवर वाळत ठेवलेले सेल. धाकटा झोपेत लोळत यायचा म्हणून मध्ये पेट्यांची भिंत. एकदा तो लोळत आलाच. सकाळी त्याच्या गालावर एका पात्राचा केशरी रंग होता आणि चार पानं पुन्हा करायची होती. सेन्सेई हे सांगताना हसत नव्हत्या. त्या दिवशी गाडी खाली थांबून राहिली आणि हात थरथरत होता, एवढंच म्हणाल्या.

ज्या मालिकांवर त्यांनी काम केलं त्यांच्या श्रेयनामावलीत ‘शिआगे’ या शब्दापुढे स्टुडिओचं नाव यायचं. त्यांचं नाव एकदाही आलं नाही. मी विचारलं, राग येतो का. थोडा वेळ त्यांनी चहाची कपबशी फिरवली. “मुलांना दाखवायला बरं झालं असतं,” म्हणाल्या.

१९७० च्या दशकापासून काम दक्षिण कोरियाला जाऊ लागलं, पुढे फिलिपिन्स आणि चीनलाही. गाडी येईनाशी झाली. त्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

मी या प्रकल्पाच्या शेवटी नावं लिहिणार आहे. सेन्सेईंचं नाव घालू का विचारलं. विचार करून सांगते म्हणाल्या.

३ मे, शनिवार

आज ओळखीच्या एका मुलीकडे, तिशीची, डिजिटल शिआगे करते. पेन्सिलचं चित्र स्कॅन होतं, रेघ फक्त काळी किंवा पांढरी अशी करून घेतात, मधल्या राखाडी कडा ठेवत नाहीत, म्हणजे रंग रेघेपर्यंत पूर्ण भिडतो. सावलीच्या रंगीत रेघा तशाच ओळखल्या जातात आणि शेवटी रंगात मिसळून टाकतात. क्लिक केलं की भाग भरतो. फट असली तर रंग सगळीकडे सांडतो. ती फट शोधणं हे कामाचं एक मोठं अंग आहे.

तोएईनं १९९७ च्या सुमारास हे सुरू केलं आणि काही वर्षांत सगळे त्यावर आले. ‘साझाए-सान’ तेवढी राहिली. १९६९ पासून चाललेली ही मालिका २९ सप्टेंबर २०१३ पर्यंत सेलवर होत होती.

तिच्या पडद्यावर एकदम एका पात्राची बाही एका फ्रेमसाठी लाल झाली आणि परत निळी. “पाका!” ती म्हणाली. चुकीच्या रंगाची अशी उघडझाप झाली की तिला पाका म्हणतात. सेन्सेईंच्या तोंडी हाच शब्द आहे. सेल गेले, बाटल्या गेल्या, त्या चुकीला असलेलं नाव मात्र आईकडून लेकीकडे यावं तसं आलं.

२५ मे, रविवार

रंग पूर्ण. ४० सेल, १९ रंग.

दोन धडे. एक, वाळलेले वाटलेले सेल एकावर एक ठेवले, तर बी-१० आणि बी-११ मधला कागद रंगाला चिकटला. ओढला असता तर रंग घेऊन आला असता, म्हणून कागद कापून तसाच ठेवलाय, मागची बाजू आहे, दिसणार नाही. दोन, गादीचा पांढरा सगळ्यात अवघड निघाला. गडद रंग एका थरात झाकतात, पांढऱ्यातून उजेड जातो. सगळ्या ३२ पानांवर दुसरा हात द्यावा लागला.

१४ जून, शनिवार

पावसाळा सुरू झालाय, सेल दमट हवेत किंचित वाकतात. फोटो काढताना वर काच दाबून ठेवली, स्टुडिओतल्या कॅमेऱ्याखालीही तशीच काच असे. खाली ‘ए’, वर ‘बी’, ३२ फोटो, प्रत्येक तीन फ्रेम.

सेन्सेई आल्या होत्या. लॅपटॉपवर शॉट लावला. मुलगी वाकते, गादी धरते, ओढते, गादी घडी खात आत येते. चेहरा आणि हात एकाच मुलीचे. मी बघतच राहिले. चाळीस पानांवर मी फक्त निळा, फक्त हळदी बघितला होता, ती मुलगी मला आज भेटली.

सेन्सेई म्हणाल्या, “पुन्हा लाव.” पुन्हा लावला.

“पाका. गादीत. शेवटाकडे.”

मला दिसलं नाही. एकेक फ्रेम सरकवत गेले. बी-२३, गादी घडीतून बाहेर येते तिथे निळ्या पट्ट्याच्या जागी हळदी आणि हळदीच्या जागी निळा. एका सेकंदाचा आठवा भाग. चष्म्याशिवाय, शहात्तराव्या वर्षी, दुसऱ्या खेपेला.

चूक २२ मार्चची आहे. फक्त निळा बघत होते, पण घडीत गेलेला पट्टा कुठला हे मोजलं नव्हतं. रंग खरवडून भरता येईल का विचारलं. नाही म्हणाल्या. खरवडलं की सेलला ओरखडा पडतो, आणि काचेखाली दिव्यात ओरखडा चमकतो. पान नव्यानं.

२१ जून, शनिवार

बी-२३ पुन्हा. ट्रेसिंगला पन्नास मिनिटं लागली, पहिल्या दिवशी अडीच तास लागले होते. पट्टे मोजून पेन्सिलनं कागदावर ‘नि’ आणि ‘ह’ लिहिलं, दोन वेळा तपासलं, मग बाटली उघडली. दुपारी चारला रॅकवर ठेवलं. हवा दमट आहे, वाळायला उद्या संध्याकाळ होईल. मग त्या एकाच पानाचा फोटो.

सेन्सेईंचा निरोप आला. नाव घाल, पण ‘नुरी’ या शब्दापुढे घाल, ‘मार्गदर्शन’ असं लिहू नकोस. आणि आडनाव लग्नाआधीचं, स्टुडिओत होतं ते.